निरोगी क्रमांक अकरा

१९९८ च्या मार्चमध्ये मला चाळीस निरोगी माणसं हवी होती आणि अख्ख्या कोल्हापुरात ती मिळत नव्हती.

आजाऱ्यांची वाण नव्हती. दवाखान्यात टीबीच्या खिडकीसमोर सकाळी आठपासून रांग लागायची. मी तेव्हा मेडिकल बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वय तेवीस. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, घर सिद्धार्थनगरात, आणि आमच्या घरात पांढरा कोट घालणारी मी पहिलीच. त्यामुळे तो कोट मी बसमध्येसुद्धा अंगात ठेवायचे. प्रबंधाचा विषय सबनीस मॅडमनी दिला होता. फुफ्फुसाच्या टीबीत रक्तातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा किती वाढतात आणि औषधं सुरू झाल्यावर किती उतरतात, हे बघायचं. चाळीस रुग्ण, चाळीस निरोगी. रक्त तीनदा घ्यायचं: सुरुवातीला, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

"निरोगी माणसांचं एकदा घेतलं तर नाही का चालणार?" मी विचारलं होतं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "सहा महिन्यांत तुझ्या केमिकलची बाटली बदलेल, उन्हाळा जाऊन पावसाळा येईल, तुझा हातसुद्धा बदलेल. तुलना करायची ना? मग दोघांचंही तीनदा."

शिवाय ही निरोगी माणसं रुग्णांच्याच परिस्थितीतली हवी होती. त्याच गल्लीतली, तसंच जेवणारी. म्हणून रुग्णांबरोबर आलेल्या माणसांच्या मागे मी लागायचे. तालमीतला एक धिप्पाड गडी भावाला घेऊन आला होता, तो माझ्या हातातली सुई बघून चपला तिथंच टाकून गेला. बाकीचे सरळ सांगायचे, "मला काय झालंय? मी कशाला रगत देऊ?" उत्तर बरोबरच होतं. काही झालं नव्हतं म्हणूनच तर मला ते हवे होते, पण हे समजावून सांगेपर्यंत माणूस फाटकाबाहेर गेलेला असायचा.

त्या दिवशी बाकड्याच्या टोकाला एक बाई बसली होती. बारीक, काटक अंगाची, पदर कमरेला खोचलेला. शेजारी तिचा नवरा टॉवेलात तोंड घालून खोकत होता. माझी विनवणी तिनं चार माणसांकडे चाललेली ऐकली आणि मी पाचव्याकडे वळायच्या आत आवाज दिला.

"ओ बाई, माझं घ्या की! माझ्यात लई हाय."

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. ही बायडाबाई. नवरा जोतीराम. दोघं मूळ आजऱ्याकडची. एकुलती मुलगी गडहिंग्लजला दिलेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत दोघंही कामाला होती. जोतीराम ओतून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरवर घासायचा, सोळा वर्षं. बायडाबाई कोअर बनवायची, म्हणजे लोखंड ओतताना भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे. बोटांच्या पेरांवरची कातडी त्या वाळूनं कायमची खरबरीत झालेली. मला तिची शीर शोधायला वेळच लागला नाही. हातावर दोरीसारखी उभी होती.

"ह्या रगतात काय बघतासा?" तिनं विचारलं.

तोवर कुणीच हे विचारलं नव्हतं. मी जरा गडबडले. मग म्हटलं, "मावशी, घरातलं शेंगतेल लई दिवस उघडं राहिलं की काय होतं?"

"खवट वास मारतोय."

"तसंच. आपल्या शरीरात पेशी असतात, त्यांच्या भोवती तेलासारखा पातळ थर असतो. टीबीचे जंतू फुफ्फुसात घुसले की शरीर त्यांच्यावर आग फेकतं. त्या आगीच्या ठिणग्या आपल्याच घरावर पडतात, आणि ते तेल खवट होतं. तो खवटपणा रक्तात उतरतो. मी तो मोजते."

जोतीरामनं टॉवेल बाजूला केला. "म्हंजी मी आतनं खवट झालोय व्हय?"

"तुमी आदीपासनंच हाय की," बायडाबाई म्हणाली, आणि तो हसता हसता पुन्हा खोकला.

तिचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. दोन्ही साफ. वजन शेहेचाळीस किलो. मी फॉर्म भरला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: निरोगी, क्रमांक ११. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. बोट ठेवून तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"निरोगी," ती म्हणाली. "हे माझं व्हय?"

"तुमचंच," म्हणत मी तेच एका चिठ्ठीवर उतरवून तिच्या हातात दिलं.

"सरकारी दवाखान्यात लिवून दिलंय म्हंजी खरंच असणार." आणि नवऱ्याकडे वळून, "बघा. निरोगी. अकरा नंबर."

पुढच्या गुरुवारी औषधं न्यायला दोघं आली तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. नियमात बसत नव्हतं, पण मला दाखवायची हौस होती. ती प्रयोगशाळा आता नाही, त्या जागी मोठा हॉल झालाय, पण मला ती अजून कोपरा न् कोपरा आठवते. ओट्यावर पाण्याचं उकळतं भांडं, त्यात परीक्षानळ्यांची रांग, आणि वाफ निसटू नये म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडावर एकेक काचेची गोटी. पाणी उकळायला लागलं की त्या गोट्या थरथरायच्या, किणकिण व्हायची. शाहूपुरीतून सायकलवर थर्मासातून आणलेला बर्फ दुसऱ्या ओट्यावर. अर्ध्या तासानं नळ्यांना गुलाबी रंग चढायचा. जितका खवटपणा जास्त तितका रंग गडद. मग त्या एकेक करून यंत्रात घालायच्या आणि काटा कुठं थांबतो ते लिहून घ्यायचं. लाईट गेली की सगळं मुसळ केरात.

"ह्यातलं माझं कंचं?" बायडाबाईनं विचारलं.

मी दाखवलं. फिकट गुलाबी. शेजारीच जोतीरामची नळी होती.

"अगं बाई, ह्यांचं म्हंजी जोतिबाचा गुलालच की! आन् माझं बघा, बाळाच्या गालावानी."

आमच्या पद्धतीनं निरोगी माणसाचा आकडा दोन-अडीचच्या आसपास यायचा. जोतीरामचा सहा पूर्णांक दोन होता. तिचा दोन पूर्णांक सहा. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

तिच्यामुळे माझं काम मार्गी लागलं. पुढच्या तीन आठवड्यांत तिनं शिरोलीतून सात माणसं आणली. शेजारीण आणली, कोअर शॉपमधली धोंडुबाई आणली, फाउंड्रीच्या गेटवरचा वॉचमन आणला. "चला की, मुंगी चावल्यावानी हुतंय. वर निरोगी म्हणून लिवून देत्यात," असं सांगून ती त्यांना बसमध्ये घालायची. रक्त उपाशीपोटी घ्यायचं असल्यानं नंतर मी सगळ्यांना चहा आणि बिस्किटाचा पुडा द्यायचे. ती चहा प्यायची. पुडा पदराच्या टोकात बांधायची. मला वाटायचं, बसमध्ये खात असेल.

जोतीरामला कामावरून रजा घ्यावी लागली होती. घर तिच्या एकटीवर आलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, औषधं चुकवायची नाहीत आणि दूध, अंडी, डाळ व्यवस्थित खायची. बायडाबाईनं ते वाक्य पाठच केलं होतं. दर गुरुवारी मला हिशेब दिल्यासारखं सांगायची, "रोज अंडं. रोज दूध. मुगाची आमटी. ह्यो गडी आता भरायलाय बघा."

तो खरंच भरत होता. मे महिन्यात दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा त्याचं वजन चार किलोनं वाढलं होतं, ताप गेला होता, आकडा चार पूर्णांक चारवर आला होता. माझी छाती फुगली. पण त्याच दिवशी निरोगी क्रमांक अकराचा आकडा तीन पूर्णांक नऊ आला.

नळी नीट धुतली नसेल, असं मी ठरवलं. सगळ्या नळ्या रात्रभर ॲसिडात भिजवून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी राहिलेल्या रक्तावर पुन्हा केलं. तीन पूर्णांक आठ. एखादा असतो असा, म्हणून मी पान उलटलं.

सप्टेंबरात सहा महिने भरले. जोतीरामची थुंकी साफ झाली. आकडा तीन. तो नवा शर्ट घालून आला होता आणि जिना न थांबता चढला होता. बायडाबाई त्याच्या मागून कठड्याला धरून वर आली. "लई काम पडतंय," म्हणाली. "ओव्हरटाइम करतोय की मी." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात, तशी ती बोलायची, खड्या आवाजात. आवाज तसाच होता म्हणून मी वर बघितलंच नाही. दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. या वेळी ती मिळायला वेळ लागला, हेही मला नंतर आठवलं.

संध्याकाळी काटा पाच पूर्णांक एकवर थांबला. त्याच रक्तातलं व्हिटॅमिन सीही मी दर खेपेला मोजायचे, ते तर मार्चच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं.

मी वही घेऊन सबनीस मॅडमकडे गेले. तक्ते जवळजवळ तयार होते. रुग्णांची रेघ वरून खाली येत होती, निरोगींची सरळ चालली होती, मध्येच हा एक ठिपका उधळला होता.

"वगळू का मॅडम? एकोणचाळीसवर भागेल."

"का वगळायचं?"

"ती निरोगींत बसत नाही."

"मग कशात बसते?" मॅडमनी चष्मा काढला. "आकडा तक्त्यात बसतो का ते मागाहून बघू. बाई कशी आहे ते सांग. वजन किती तिचं आता?"

मी फॉर्म काढला. रुग्णांच्या फॉर्मवर वजनाचे तीन रकाने होते. निरोगींच्या फॉर्मवर एकच, मार्चचा. मीच तो छापून घेतला होता. निरोगी माणसाचं वजन कशाला पुन्हा पुन्हा करायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग जाऊन ये," मॅडम म्हणाल्या.

रविवारी मी केएमटीच्या बसनं शिरोलीला गेले. या वेळी कोट नव्हता घातला. हायवेच्या पलीकडे, कारखान्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ होती, तिथली शेवटची खोली. दाराशी तुळस नव्हती, झेंडू होता, त्याच्या पानांवर फाउंड्रीची काळपट धूळ बसलेली. बायडाबाई मला बघून एवढी हरखली की हात पुसायचं विसरली.

"अवं, बघा कोण आलंय! रगतवाल्या बाई! बसा, बसा. जेवल्याशिवाय सोडणार न्हाय हां आज."

जोतीराम जेवायलाच बसला होता. त्याच्या ताटात दोन भाकऱ्या, मुगाची आमटी, उकडलेलं अंडं, पेल्यात दूध. तिनं माझ्यापुढं दुसरं ताट ठेवलं. त्यातही तेच, अंड्यासकट. घरात ताटं दोनच मांडलेली.

"तुम्ही पण बसा की मावशी," मी म्हटलं.

"माझं झालंय मघाच."

मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. डोळ्याची खालची पापणी मी बोटानं ओढून बघितली तर आत लाली म्हणून नव्हती.

"मघाशी काय खाल्लं?"

"काय न्हवं ते... च्या घेतला."

"आणि काल रात्री?"

"काल व्हय? च्या. आन् भाकरीचा तुकडा हुता की."

"दुपारी?"

तिनं नवऱ्याकडे चोरून बघितलं आणि माझ्यावर उखडली. "काय बाई तुमी पोलिसावानी इचारायला लागलाय!"

जोतीरामचा घास हातातच राहिला होता. "दुपारचं तू कारखान्यात खातीस म्हणालतीस," तो हळू म्हणाला. "बायकांसंगं. धोंडुबाई डबा आणती म्हणालतीस."

तिनं माझ्या ताटातली भाकरी उगाच सरळ केली.

"आन् धोंडुबाई मला परवा गाठ पडल्यावर म्हणाली, बायडाबाई घरनं खाऊन येती, आमच्यात बसत न्हाय. मला वाटलं, काय भांडाण झालं असंल."

सहा महिने घरात सांगायला ती कारखान्यात जेवत होती आणि कारखान्यात सांगायला घरून जेवून येत होती. मधल्या मध्ये कुठंच जेवत नव्हती. भाकरीचा तुकडा, चहा, ओव्हरटाइम, पुन्हा चहा. पदरात बांधलेली बिस्किटं जोतीरामच्या दुधात गेली होती.

जोतीरामनं ताट पुढं सरकवलं. रागानं नाही, अलगद. "बायडे, हे काय केलंस गं?"

"काय केलं? तुमचं फुफ्फुस भरायचं हुतं. दोघास्नी पुरंल एवढं येत न्हवतं घरात, काय करणार?" तिचा आवाज चढला. "आन् मला काय हुतंय? मी निरोगी हाय. बाईंनी लिवून दिलंय की!"

ती हे बोलली, भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या चिठ्ठीकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघून हसली, साक्ष काढल्यासारखी.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. तो कागद मी लिहिला होता. माझी चाळीस माणसं पुरी व्हावीत म्हणून लिहिला होता. तिनं तो जपून ठेवला होता आणि भूक लागली की त्याच्याकडे बघत असणार.

"मावशी," मी म्हटलं, "ते मार्चचं होतं. आता तुम्ही निरोगी नाही. तुमच्या रक्ताचा रंग आता मार्चमधल्या काकांच्या रंगाच्या जवळ आलाय."

तिला ते खरं वाटेना. "गुलालावानी?"

"हो."

ती खाली बसली. भिंतीला टेकून, पाय पसरून, जशी बाई दिवसभराचं काम झाल्यावर बसते तशी. जोतीरामनं आपल्या ताटातलं अंडं उचललं, इकडंतिकडं बघितलं, खिळ्याला अडकवलेल्या दोऱ्याच्या रिळातून वीतभर दोरा तोडला आणि तो अंड्याभोवती गुंडाळून ओढला. बरोबर दोन भाग झाले. एक त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"खा," तो म्हणाला. "माझ्या म्होरं खा."

तिनं खाल्लं. रडत खाल्लं, आणि मध्येच मला म्हणाली, "तुमी का थांबलाय? गार हुतंय."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात आणलं. वजन एकोणचाळीस. हिमोग्लोबिन सात. एक्स-रे पुन्हा काढला, तो साफ होता, थुंकीही साफ. टीबी नव्हता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ओव्हरटाइम बंद करायला सांगितलं. मॅडमनी मला बजावलं, "एकट्या उपासानंच झालं असं लिहू नकोस. वाळूची धूळ आहे, मेहनत आहे, रक्त कमी आहे. कशाचा वाटा किती, ते तुला एका बाईवरून कळणार नाही." बरोबर होतं ते.

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते कपडे बदलत होते. थांबले. "आमची आई पण 'माझं झालंय' म्हणायची," म्हणाले. "आम्ही चार भावंडं. आम्हाला वाटायचं, झालं असेल तिचं." आणि ते हातपाय धुवायला निघून गेले.

पुढचे तीन महिने त्या खोलीत जोतीरामचं राज्य होतं. तो भाकरी करायला शिकला. पहिल्या भाकऱ्या कुठल्या तरी तालुक्याच्या नकाशासारख्या व्हायच्या, त्या तो डब्यात घालून मला दाखवायला दवाखान्यात आणायचा. आजऱ्याहून भावाकडून तांदूळ मागवला. मूग भिजवून मोड आणायचा, थंडी पडल्यावर आवळे आणायचा, आणि अंडं रोज दोऱ्यानंच कापायचा, कारण सुरीनं कापलं की ती मोठा भाग त्याच्याकडे सरकवते असं त्याचं म्हणणं. धोंडुबाईला मी सांगून ठेवलं होतं. ती तर भारीच निघाली. दुपारची शिट्टी झाली की बायडाबाईच्या हाताला धरून डब्यापाशी बसवायची. "खाऊन आलो" म्हटलं की म्हणायची, "मग परत खा."

जानेवारीत मी तिचं चौथ्यांदा रक्त घेतलं. अभ्यासात त्याला जागा नव्हती, मलाच राहवलं नाही. वजन त्रेचाळीस. गोट्या किणकिणल्या, रंग चढला, मी नळी उजेडात धरून बघितली आणि यंत्रात घालायच्या आधीच मला कळलं. तीन पूर्णांक एक. मॅडम म्हणाल्या, "यावरून काही सिद्ध होत नाही." मग थोड्या वेळानं परत आल्या आणि ती नळी पुन्हा एकदा बघून गेल्या.

प्रबंधात मी क्रमांक अकरा वगळला नाही. तक्त्याखाली चार ओळींची टीप घातली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे काय आहे? ही वगळली असती तर तुमचा निष्कर्ष किती स्वच्छ दिसला असता!" मी सांगितलं, जेवढं थोडक्यात सांगता आलं तेवढं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी निरोगी माणसांचंही वजन दर खेपेला करा." एवढंच म्हणून त्यांनी पान उलटलं. मी पास झाले. पुढं शिकवायला लागले तेव्हा माझ्या प्रत्येक फॉर्मवर मी वजनाचे तीन रकाने ठेवले आणि खाली एक प्रश्न: काल दिवसभरात काय काय खाल्लं? विद्यार्थी कुरकुर करायचे. मी तो फॉर्म बदलला नाही.

जोतीरामला ग्राइंडरवर परत जाता आलं नाही. टीबी गेला तरी फुफ्फुसाला वण राहिले होते, धूळ लागली की धाप लागायची. १९९९ च्या उन्हाळ्यात दोघांनी खोली सोडली आणि आजऱ्याला गेली. तिथं बायडाबाई एका काजू कारखान्यात लागली. तो भावाच्या भाताच्या शेतावर झेपेल तेवढं करायचा.

मग बरीच वर्षं भेट नाही. माझं लग्न झालं, नोकरी झाली, प्रयोगशाळेत एकदम चाळीस नमुने मोजणारं यंत्र आलं. २००६ मध्ये कॉलेजतर्फे आजऱ्याला आरोग्य शिबिर होतं, तेव्हा मी पत्ता विचारत गेले. विचारायची फार गरज पडली नाही. काजू कारखान्याच्या फाटकातून तिचा आवाज ऐकू येत होता. टरफलाच्या तेलानं बायकांच्या बोटांची सालं जातात म्हणून ती मुकादमाशी हातमोज्यांवरून भांडत होती. आता ती चाळीस बायकांची म्होरकी होती. अंगानं भरलेली, केस पिकलेले. मला बघितलं आणि भांडण तसंच टाकून आली.

"रगतवाल्या बाई! किती वाळलाय ओ तुमी! खाता का न्हाय?"

आणि मग हसत सुटली.

तिच्या घरी जेवायला गेले. जोतीराम ओसरीत बसला होता, श्वास जड, पण डोळे टवटवीत. मी बायडाबाईला वजन किती आहे विचारल्यावर तिनं मला दटावलं, "आता पुस्तकं काढू नका हितं." तांदळाची भाकरी होती, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि ओल्या काजूची भाजी. जोतीरामनं तिला चुलीपाशी नुसतं "ए" म्हटलं. ती चिमटा ठेवून आली आणि ताटावर बसली. मगच त्यानं पहिला घास घेतला. त्यात कुणाला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. नातू मांडीवर येऊन काजू मागत होता, सून बाहेरून पाणी आणत होती. सून म्हणजे भावाची. यांच्यात माझं-तुझं नव्हतं.

जोतीराम २००८ च्या चैत्रात गेला. आजारानंतर दहा वर्षं जगला, आणि माझ्या माहितीत ती दहाही वर्षं शेतात, ओसरीत, माणसांत गेली. मला आठ दिवसांनी कळलं, तिच्याच फोनवरून. मुलगी तिला गडहिंग्लजला घेऊन गेली होती आणि जावयानं तिच्या हातात मोबाइल दिला होता. त्यावर ती इतक्या जोरात बोलायची की मध्ये यंत्राची गरज काय, असं वाटावं.

"हे गेलं बघा, बाई," ती म्हणाली. "सकाळी च्या पिऊन गेलं. तरास झाला न्हाय." मग म्हणाली, "मी हितं हाय लेकीकडं. बरी हाय. जेवतोय. एकदा या की, पोरांस्नी घेऊन."

"येते मावशी," मी म्हटलं.

"येते म्हणू नका नुसतं. गडहिंग्लजला शनवारचा बाजार असतो, त्या दिवशी या."

दोन आठवड्यांनी शनिवार बघून मी माझ्या मुलीला घेऊन एसटीत बसले.